चिठ्ठीवरची आडवी रेघ

"ई मात्रे बेडा अम्मा," म्हणजे ही गोळी नको, असं दवाखान्यातले डॉक्टर कन्नडमधून म्हणाले आणि त्यांनी सेप्ट्रानवर आडवी रेघ मारली. पोराचं वजन वाढलंय, एचआयव्हीची औषधं (एआरटी) चालू आहेत, मग ही गोळी रोज कशाला? भाचा तेव्हा चार वर्षांचा. बहीण गेल्यापासून तो बेंगळुरूला माझ्याकडेच आहे. "एआरटी सेंटरला विचारू का?" असं मी दोनदा म्हटलं. ते नुसते हसले.

गोळी बंद केल्यावर तीन महिन्यांत त्याला दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या खेपेला मध्यरात्री त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी माझ्या पिशवीतल्या डब्या एकेक करून बाहेर काढल्या. "सेप्ट्रान कुठाय?" मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

नंतर त्यांनीच समजावलं. ही गोळी न्यूमोसिस्टिसचा न्यूमोनिया आणि कितीतरी जिवाणू आधीच अडवते. एचआयव्ही असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलाला सीडी४ (प्रतिकारपेशींची संख्या) कितीही असो, ती द्यायचीच. पुढेही कधी थांबवायची ते एआरटी सेंटर ठरवणार. झांबियातल्या २००४ च्या अभ्यासात या एका स्वस्त गोळीने मुलांचे मृत्यू ४३ टक्क्यांनी कमी झाले होते. युगांडा-झिंबाब्वेत एआरटीवर स्थिरावलेल्या मुलांची गोळी थांबवली, तेव्हा तीच मुलं जास्त वेळा इस्पितळात भरती झाली. मला हे कळलं नव्हतं. रेघ मारणाऱ्या डॉक्टरांना कळायला हवं होतं.

चिठ्ठी घेऊन मी त्यांच्या दवाखान्यात गेले. "मी बंद करा म्हटलंच नाही." असं ते म्हणाले. रेघ दाखवली तर त्यांनी आवाज चढवला आणि बाकांवर बसलेल्या माणसांसमोर पोराच्या आजाराचं नाव घेतलं. एचआयव्हीविषयीच्या २०१७ च्या कायद्याने संमतीविना हे असं चारचौघांत सांगता येत नाही. त्या दिवशी मला ते ठाऊक नव्हतं, नाहीतर तिथेच सुनावलं असतं.

म्हणून सांगते, गोळी बदलायची वा थांबवायची असेल तर एआरटीच्या वहीत तिथल्याच डॉक्टरांकडून लिहून घ्या. अंगावर पुरळ आलं तरी मनाने बंद करू नका, तडक सेंटर गाठा. न्यूमोकॉकलची लस चुकवू नका. पाणी उकळून द्या, हात धुवायला लावा. घरात कुणाला दोन आठवडे खोकला असेल तर आधी त्याची टीबीची तपासणी करा, टीबी नसेल तरच पोराला त्याच्याजवळ झोपवा. अडलं तर १०९७ वर फोन करा.

कांजिण्या झालेल्या मुलाशेजारी पोरगं बसलं असेल तर फोड यायची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. भाचा शाळेतून आला की मी रोज विचारते, आज वर्गात कोण आलं नाही?