पाठीतलं मॉर्फिन: खर्च औषधाचा नाही, पहाऱ्याचा

सिझेरियन, गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञ बऱ्याचदा पाठीतून मॉर्फिन द्यायचं सुचवतात. त्याने वेदना खरोखर आटोक्यात राहतात. घरचे मात्र इंजेक्शनचा दर विचारतात. मॉर्फिन स्वस्त आहे. पैसे मोजायचे ते त्यानंतर पेशंटवर ठेवायच्या लक्षाचे.

सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे एकदाच टोचायचं इंजेक्शन. कमरेखालचा भाग बधिर करायला स्पायनलची सुई टोचतातच, त्याच औषधात किंचित मॉर्फिन मिसळतात. जादा खर्च नगण्य, आराम १८ ते २४ तास. पण मॉर्फिन चरबीत फारसं मुरत नाही. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून ते सावकाश मेंदूकडे सरकतं, त्यामुळे श्वास मंदावलाच तर तो कित्येक तासांनी, सगळे झोपल्यावरही मंदावू शकतो. शिवाय सिझेरियनला लागतं साधारण ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम आणि एका ॲम्प्यूलमध्ये असतं १० किंवा १५ मिलिग्रॅम. ते पातळ करताना दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट! पातळ केलेलं औषध दुसरं कोणी तपासतं का आणि ॲम्प्यूल प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलीच वापरता का, हे विचारायला संकोचू नका.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी, की पहिले १२ तास दर तासाला आणि पुढचे १२ तास दर दोन तासांनी श्वास, ऑक्सिजन आणि शुद्ध तपासावी. म्हणून एस्टिमेट घेतानाच विचारा: पहिली रात्र वॉर्डात की एचडीयूत, म्हणजे जास्त लक्ष ठेवणाऱ्या कक्षात? रात्रपाळीला किती पेशंटमागे एक नर्स? नॅलॉक्सोन हा उतारा त्याच मजल्यावर आहे का? बाळंतीण निरोगी आणि डोस कमी असेल तर वॉर्डातली चोख तपासणी पुरते. पेशंट लठ्ठ असेल, झोपेत श्वास अडकत असेल किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर एचडीयूच्या एका दिवसाचे पैसे जरूर मोजा.

दुखणं तीन-चार दिवस राहणार असेल तर एपिड्युरल. पाठीत बारीक नळी ठेवून बधिर करणारं औषध आणि बहुधा फेंटानिल थेंबाथेंबाने देतात. डोस हवा तेव्हा कमी करता येतो, हा मोठा फायदा. किट, इन्फ्युजन पंपाचं भाडं, औषध आणि भूलतज्ज्ञांची रोजची व्हिजिट बिलात वेगवेगळी लागते, म्हणून दर दिवसाचा एकत्रित आकडा मागा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा. नळी घालताना आणि काढतानाही मणक्यात रक्त साकळण्याचा धोका असतो. पायातली ताकद परत येत नसेल किंवा आलेली जात असेल, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका.

पोटाच्या त्वचेखाली बसवायचा पंप प्रामुख्याने कर्करोगाच्या हट्टी वेदनांसाठी. मणक्यात औषधाचा अगदी थोडा डोस पुरतो, त्यामुळे गुंगी आणि बद्धकोष्ठता कमी होऊ शकते. किंमत काही लाखांत, बॅटरी साधारण ५ ते ७ वर्षं, रिफिल दर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. रिफिलची सुई पंपाच्या टाकीऐवजी त्याभोवतीच्या त्वचेखालच्या पोकळीत गेली तर जीवघेणा ओव्हरडोस होऊ शकतो, त्यामुळे हे काम सरावलेल्या हातांनीच व्हायला हवं. गडचिरोलीच्या पेशंटला प्रत्येक रिफिलसाठी मोठ्या शहरात यावं लागणार असेल तर तो प्रवासही हिशेबात धरा. चाचणी डोसशिवाय पंप बसवू नका, आणि त्याआधी परळच्या टाटा मेमोरियलसारख्या पॅलिएटिव्ह विभागात तोंडाने घ्यायच्या मॉर्फिनचा नीट प्रयत्न झालेला असू द्या. बहुतेकांना तेवढं पुरतं.

मेडिक्लेममध्ये रूम रेंटची मर्यादा ओलांडली तर कंपनी इतर खर्चातही कपात करते. पण विमा नियामकाच्या २०२० च्या सूचनांनुसार औषधं, कन्झ्युमेबल्स आणि इम्प्लांट त्यातून वगळलेली आहेत. क्लेममध्ये ती कापली गेली तर लेखी हरकत घ्या.

आणि रात्री लक्ष ठेवायची सोय नाही असं रुग्णालयाने सांगितलं, तर पाठीतलं मॉर्फिन नाकारा आणि नर्व्ह ब्लॉकसारखा दुसरा पर्याय मागा.