घोडा गेला, रिसाला राहिला

प्रजासत्ताक दिनाचं संचलन झालं की या सदराच्या टपालात लष्कराविषयीचे प्रश्न वाढतात. या खेपेला शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतून आलेल्या पत्रांचा विषय जवळपास एकच होता : रणगाडे आणि ते चालवणाऱ्या फौजा. त्यांतले सहा प्रश्न निवडून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : टीव्हीवर संचलन बघताना नातवाने विचारलं, "आजोबा, ते म्हणतात 'हॉर्स' आणि दिसतो रणगाडा. मग घोडा कुठाय?" मला काही सांगता आलं नाही. (वासिंद)

उत्तर : घोडा नावात आहे. आपल्या बखरींत "दहा हजार घोडा चालून आला" असं वाचतो, तेव्हा आपण एका जनावराचा विचार करत नाही. घोडा म्हणजे घोडेस्वारांची फौज. इंग्रजीत 'हॉर्स' हा शब्द लष्करात याच अर्थाने चालत आला. 'पूना हॉर्स' म्हणजे पुण्याचं घोडदळ, 'डेक्कन हॉर्स' म्हणजे दख्खनचं. 'लान्सर्स' म्हणजे भालाईत आणि 'लाइट कॅव्हलरी' म्हणजे हलक्या सरंजामाचं, चपळ घोडदळ.

ही घोडदळं घोड्यावरून उतरली ती १९३८ पासून. सिंद हॉर्स ही भारतीय घोडदळातली पहिली रेजिमेंट, जिने घोडे परत करून हलके रणगाडे आणि चिलखती मोटारी घेतल्या. त्या बदलाची आठवण म्हणून आपलं चिलखती दल दर वर्षी १ मे हा दिवस पाळतं. आपल्या महाराष्ट्र दिनाला त्यांचाही झेंडा असतो, तो असा. पाठोपाठ बाकीच्या रेजिमेंटही उतरल्या. घोडे गेले, नावं, निशाणं आणि हुद्दे मात्र तसेच राहिले.

हुद्द्यांची गंमत नातवाला जरूर सांगा. पायदळात शिपाई, हवालदार, सुभेदार असतात. रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये त्याच पायऱ्यांवर सवार, दफेदार आणि रिसालदार असतात. लढणाऱ्या तुकडीला आजही 'सेबर स्क्वाड्रन' म्हणतात. सेबर म्हणजे घोडेस्वाराची वाकडी तलवार. अशा तीन स्क्वाड्रनमध्ये चौदा-चौदा आणि मुख्यालयाकडे तीन, असे एका रेजिमेंटचे ४५ रणगाडे होतात. चाळीस-पंचेचाळीस टनांचं धूड हाकणारा जवान कागदोपत्री अजून 'सवार'च आहे.

प्रश्न : शाळेत 'शिलेदार' आणि 'बारगीर' यांतला फरक पाठ केला होता. इंग्रजांच्या घोडदळातही शिलेदार होते असं ऐकलं. खरं का? (सरळगाव)

उत्तर : अगदी खरं. उजळणी करू. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, तो सरकारी पागेतला स्वार. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन चाकरीला येई. शब्दाचं मूळ फारसीतलं 'सिलाहदार', म्हणजे हत्यारबंद. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणि नाल यांची सोय नसेल, तर घोडदळ चार मजलांवर बसतं हे त्या रचनेत मुरलेलं शहाणपण आहे. आजच्या स्क्वाड्रनमागे डिझेलची गाडी आणि मेकॅनिक चालतात, ते त्याच पखालजी-नालबंदांचे वारस म्हणायला हरकत नाही.

कंपनी सरकारला ही शिलेदारी स्वस्त वाटली. त्यांनी ती उचलली आणि 'सिल्लेदार' याच नावाने बहुतेक भारतीय घोडदळात रुजवली. भरती होणारा स्वार घोड्यापोटी ठरावीक रक्कम रेजिमेंटकडे जमा करी. त्या रकमेला 'असामी' म्हणत. त्या बदल्यात त्याला पायदळाच्या शिपायापेक्षा जास्त पगार मिळे, पण घोडा, दाणा-वैरण आणि बराचसा सरंजाम यांचा भार त्याच्यावर आणि रेजिमेंटवर असे.

शांततेच्या काळात हे जमलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्स आणि मेसोपोटेमियात घोडे पटापट पडू लागले, तेव्हा स्वाराच्या खिशातून नवे घोडे येणं शक्यच नव्हतं. युद्ध संपल्यावर १९२१-२२ मध्ये घोडदळाची फेररचना झाली, ३९ रेजिमेंटपैकी बहुतेकांच्या जोड्या लावून २१ करण्यात आल्या आणि शिलेदारी बंद झाली. आजचे सगळे सवार त्या अर्थाने बारगीर आहेत, रणगाडा सरकारचा!

प्रश्न : रणगाड्याला इंग्रजीत 'टँक' का म्हणतात? आमच्याकडे टँक म्हटलं की पाणीच आठवतं. (खर्डी)

उत्तर : तुमचं चुकलेलं नाही. तानसा, वैतरणा आणि भातसा यांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर लोक टँकरची वाट बघतात, तेव्हा दुसरं काय आठवणार? गंमत अशी की या शब्दाचा उगमही पाण्यातच आहे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये हे यंत्र गुपचूप तयार होत होतं. कारखान्यात काय चाललंय याचा सुगावा लागू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनवतोय असं सांगितलं गेलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर त्या 'टाक्या' पहिल्यांदा बाहेर पडल्या आणि थाप म्हणून दिलेलं नाव कायमचं चिकटलं. आपला 'रणगाडा' हा शब्द त्यापेक्षा कितीतरी बोलका आहे. तोफेचा गाडा आपल्याला आधीपासून ठाऊक होता. हा गाडा नुसती तोफ वाहत नाही, रणातही उतरतो.

प्रश्न : 'पूना हॉर्स'चा पुण्याशी खरंच काही संबंध आहे का? (टोकावडे)

उत्तर : आहे, आणि तो थोडा बोचणाराही आहे. जून १८१७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांशी पुण्याचा तह करावा लागला. त्या तहाने पेशव्यांच्या मुलखाच्या उत्पन्नातून इंग्रजांच्या हुकमतीखाली घोडदळ उभं राहिलं, ते 'पूना ऑक्झिलरी हॉर्स'. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला पेशव्यांच्या फौजेशी लढाई झाली, तेव्हा या दलाचे सुमारे अडीचशे स्वार इंग्रजांच्या बाजूने उभे होते. पेशव्यांच्याच पैशाने उभी राहिलेली फौज वर्षाच्या आत पेशव्यांवर चालून गेली.

पुढे ही रेजिमेंट सिंध, इराण आणि फ्रान्सपर्यंत लढली. ८ फेब्रुवारी १८५७ रोजी इराणात खुशाबच्या लढाईत तिने एका इराणी पलटणीचं निशाण जिंकलं. त्याच्या टोकाला चांदीचा पंजा होता आणि त्यावर 'ईश्वराचा हात सर्वांच्या हातांवर आहे' अशा अर्थाची अक्षरं होती. तो पंजा रेजिमेंटने आपल्या निशाणावर चढवला. मोहरममधले पंजे किंवा पालखीपुढची अबदागिरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना निशाणाचा मान काय असतो हे वेगळं सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर या रेजिमेंटने दोन परमवीर चक्रं मिळवली. पहिलं लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बर्झोरजी तारापोर यांचं. घराण्यात सांगतात की त्यांचे पूर्वज रतनजीबा शिवाजी महाराजांच्या फौजेत होते, त्यांना शंभर गावं इनाम मिळाली आणि त्यांतल्या तारापूरवरून आडनाव पडलं. हे तारापूर आज पालघर जिल्ह्यात असलं तरी २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. सप्टेंबर १९६५ मध्ये सियालकोटच्या आघाडीवर फिल्लोरा जिंकताना तारापोर जखमी झाले. त्यांनी मागे जायला नकार दिला आणि पुढचे पाच दिवस ते आपल्या रणगाड्यातून रेजिमेंट हाकत राहिले. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं. ते पारशी होते, तरी रणभूमीवरच अग्निसंस्कार व्हावा ही त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. या सहा दिवसांत रेजिमेंटने नऊ रणगाडे गमावून शत्रूचे सुमारे साठ नष्ट केले, असं त्यांच्या सन्मानपत्रात नोंदलं आहे.

दुसरं परमवीर चक्र सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं. पंजाबी कुटुंबातला हा मुलगा जन्मला मात्र पुण्यात, १४ ऑक्टोबर १९५० रोजी. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांचा 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडा पेटला, तरी त्यांनी तो सोडला नाही. वय होतं एकवीस. रणगाड्याला नाव असतं हे वाचून अनेकांना नवल वाटतं. स्वार घोड्याला नाव देई, तसंच हे.

प्रश्न : पारशी, पंजाबी ठीक, आपल्या कोकणातलं कोणी रणगाड्यांच्या इतिहासात आहे का? (किन्हवली)

उत्तर : एक नाव अलिबागचं आणि एक कारवारचं सांगतो.

जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांचा जन्म अलिबागचा, १९२६ चा. १९६५ मध्ये पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला लढलेल्या डेक्कन हॉर्सचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. तिथे डेक्कन हॉर्सकडे जुने शर्मन रणगाडे होते आणि समोर नवेकोरे अमेरिकी पॅटन. त्या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये बसंतरला ते चिलखती ब्रिगेडचे प्रमुख होते, वर सांगितलेली पूना हॉर्स त्यांच्याच हाताखाली होती; तेव्हा दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळालं. १९८३ ते १९८६ ते लष्करप्रमुख होते. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, १० ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात त्यांची हत्या झाली.

दुसरे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे. ते रणगाडेवाले नव्हते, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या दलाचे होते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे निघालेले रणगाडे सुरुंगांनी आणि आडव्या टाकलेल्या झाडांनी अडले. रस्त्यावर गोळ्यांचा पाऊस चालू होता. राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्याबरोबर सरपटत सुरुंग काढत गेले. चालकाला इशारा द्यायला त्यांच्याकडे दोन दोर होते : एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. ते जिवंतपणी परमवीर चक्र स्वीकारणारे पहिले वीर ठरले. रणगाडा पुढे जातो तो अशा एखाद्या माणसाच्या जिवावर, हे संचलनाच्या वार्तांकनात सहसा येत नाही.

प्रश्न : आपल्या भागात रणगाडा चालेल का? आणि तो कुठे जवळून बघता येईल? (धसई)

उत्तर : ज्याला चिखलणी ठाऊक आहे, त्याने उत्तर स्वतःच द्यावं! रणगाड्याचं वजन रुंद पट्ट्यांवर पसरलेलं असतं, त्यामुळे दर चौरस सेंटीमीटरला जमिनीवर पडणारा त्याचा दाब भरलेल्या ट्रकच्या चाकापेक्षा कमी असतो. तरीही खाली थर मऊ असेल तर तो पोटावर बसतो. असल उत्तरला आपल्या सैन्याने पाणी सोडून शेतं भिजवली आणि पॅटन रणगाडे त्यांत रुतले. म्हणजे आषाढातल्या भातखाचराची युक्ती पंजाबात उसाच्या रानात वापरली गेली.

डोंगराचं म्हणाल, तर १ नोव्हेंबर १९४८ रोजी सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीने जोझीला खिंडीत साडेतीन हजार मीटर उंचीवर स्टुअर्ट रणगाडे चढवून शत्रूला चकित केलं होतं. पण ते रणगाडे हलके होते आणि सॅपर्सनी आधी वाट रुंद केली होती. माहुली, सिद्धगड आणि गोरखगडचा मुलूख हा पायदळाचाच. नाणेघाटाच्या पायऱ्यांवर घोडासुद्धा लगाम धरूनच न्यावा लागतो. म्हणून रणगाडे मुख्यतः पंजाब आणि राजस्थानच्या सपाटीवर असतात आणि तिथे जातात तेही आगगाडीने किंवा मोठ्या ट्रेलरवरून. किलोमीटरला दोन-अडीच लिटर डिझेल पिणारं यंत्र उगाच रस्त्याने चालवत नेणं परवडत नाही. पट्टे झिजतात आणि रस्ताही उखडतो.

बघायचं असेल तर तुमच्या दारावरून जाणारा रस्ताच तिथे नेतो. मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट, आळेफाटा आणि पुढे अहिल्यानगर. चिलखती दलाचं केंद्र आणि शाळा १९४८ पासून तिथे आहे. देशभरचे नवे सवार तिथेच घडतात आणि खारे-कर्जुने गावांवरून नाव पडलेल्या के. के. रेंजवर गोळाफेक शिकतात. त्याच शहरात १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइस चिलखती मोटार, शर्मन, सेंच्युरियन, आपला विजयंता आणि पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन असे सगळे तिथे ओळीने उभे आहेत. वासिंदच्या आजोबांनीही नातवाला घेऊन जावं. जाताना ओळखपत्र बरोबर ठेवा, सुटीचा वार आधी विचारून घ्या आणि पावसाळ्यात जाणार असाल तर माळशेज दिवसाउजेडीच ओलांडा. तिथे दरडी कोसळतात.