बुडखा उंच का राहतो? ऊस तोडणी यंत्राच्या बेस कटरचे दोष व उपाय

बिद्री (ता. कागल) म्हटले की दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो. या भागात पूर्वी ऊसतोड म्हणजे टोळ्या आणि कोयता. आता टोळ्यांच्या जोडीला तोडणी यंत्रेही फडात उतरली आहेत. २०२३ साली राज्य शासनाने ९०० यंत्रांसाठी किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देण्याची योजना जाहीर केली. यंत्रे आली, तसे त्यांच्या दुरुस्तीचे कामही आले. गॅरेज व हायड्रॉलिकच्या धंद्यातील आपल्या तरुणांनी हे काम शिकून घ्यावे, म्हणून आज एकाच दोषाचा विचार करू.

बिद्री परिसरातील एका फडात आम्ही पाहिलेला प्रसंग सांगतो. यंत्र चार-पाच बोटे उंच बुडखे ठेवून चालले होते. शेतकरी संतापला होता. चालकाचे म्हणणे, "यंत्र आपोआप वर उचलते, मी काय करू?" मेकॅनिकने व्हॉल्व खराब ठरवला. तो बदलण्यात दोन दिवस आणि बरेच पैसे गेले, पण बुडखे उंचच राहिले. शेवटी कोणीतरी बेस कटरची पाती पाहिली. ती झिजून पार बोथट झाली होती. पाती बदलली आणि यंत्र ताळ्यावर आले.

असे का झाले? यंत्राच्या पुढील भागात दोन फिरत्या तबकड्या असतात. त्यांना बसवलेली पाती ऊस बुडातून तोडतात. यालाच बेस कटर म्हणतात. अनेक यंत्रांत त्याची उंची राखताना ऑइलच्या दाबाचा आधार घेतात. पाती मातीत घुसली की मोटरवर भार येऊन दाब वाढतो. तो पाहून चालक, किंवा स्वयंचलित यंत्रणा, पुढचा भाग उचलते. परंतु पाती बोथट असली तरीही दाब वाढतो. यंत्रणेला वाटते माती लागली, आणि ती कटर विनाकारण वर घेते. दाब खरा असतो, त्याचा अर्थ मात्र चुकतो.

नुकसान किती? ऊस सरासरी ८ फूट, म्हणजे ९६ इंच उंच धरा. २ इंच बुडखा जादा राहिला तर सुमारे २ टक्के ऊस रानातच राहिला. एकरी ४० टनांच्या फडात हे ८०० किलोच्या वर जाते. टनाला ३,००० रुपये धरले तरी एकरी सुमारे २,५०० रुपये गेले. शिवाय पक्व उसाच्या बुडाकडील कांड्यांत साखर जास्त असते. उंच बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून आलेले कोंब कमजोर राहतात, म्हणून खोडवा ठेवताना बुडखे पुन्हा कोयत्याने छाटावे लागतात. उलट कटर फार खाली गेला तर बुडखे फुटतात, गड्डे उपटतात आणि मोळीबरोबर माती कारखान्यात जाते.

दोष शोधताना पुढील क्रम सोडू नये.

१) रान आणि पाती : सरीचे वरंबे एकसारखे आहेत का, टायरमध्ये हवा समान आहे का, हे पाहावे. मग पाती पाहावीत. झिजलेली असतील तर दोन्ही तबकड्यांची पूर्ण बदलावीत. पाती बदलल्यावर उंचीचे व दाबाचे सेटिंग पुन्हा लावावे.

२) हाताने चाचणी : स्वयंचलित बटण बंद करून पुढचा भाग हाताच्या स्विचने वर-खाली करावा. तो नीट चालला तर सिलिंडर व व्हॉल्व बहुधा ठीक आहेत, दोष सेन्सर, वायर किंवा सेटिंगमध्ये शोधावा. चालला नाही तर ऑइलची पातळी, फिल्टर, व्हॉल्वची कॉइल व तिचा वीजपुरवठा तपासावा.

३) आपोआप खाली बसणे : भाग उचलून इंजिन बंद करावे व खूण करून पंधरा मिनिटे लांबून पाहावे. हळूहळू बसत असेल तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व गळतो आहे.

४) सतत वर-खाली होणे : सेन्सरच्या दांडीच्या पिना व बुश ढिले आहेत का, ऑइलमध्ये हवा आहे का, हे पाहावे. यंत्रणेची संवेदनशीलता जास्त ठेवली असेल तर ती कमी करावी.

५) सेन्सर व वायर : भाग सावकाश उचलत मीटरवर सेन्सरचे माप पाहावे. ते एकसारखे बदलले पाहिजे. मध्येच उडी मारली तर सेन्सर झिजला आहे. हंगाम संपल्यावर उभ्या यंत्रातील वायर उंदीर कुरतडतात, आणि धुताना कनेक्टरमध्ये पाणी शिरते. सेन्सर बदलल्यास उंचीची नोंद नव्याने करावी.

सोयाबीन वा भात कापणाऱ्या कंबाईनच्या हेडरलाही हाच क्रम थोड्याफार फरकाने लागू पडतो.

एक गोष्ट जिवाची आहे. उचललेल्या भागाखाली लॉक किंवा भक्कम टेकू लावल्याशिवाय आणि चावी काढून खिशात घातल्याशिवाय कोणीही जाऊ नये. बारीक गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाचे ऑइल कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

या धंद्याला मोठे भांडवल लागत नाही. एक मल्टीमीटर, एक प्रेशर गेज आणि एक वही पुरे. वहीत प्रत्येक यंत्राची पाती कधी बदलली, दाब किती होता, हे लिहून ठेवावे. यंत्रमालकाला टनावर पैसे मिळतात, म्हणून त्याला घाई असते. शेतकऱ्याचा बुडखा मात्र रानात राहतो. दुरुस्ती करणाऱ्याने दोघांचेही हित पाहिले आणि पार्ट बदलण्याआधी दोष शोधला, तर पुढच्या हंगामात लोक त्याला घरून बोलावून नेतील.