मेणवलीचा वाडा : वापरातून जतन

सातारा जिल्ह्यातील वाई शहरापासून सुमारे ३ किलोमीटर अंतरावर, कृष्णेच्या काठी मेणवली हे गाव वसले आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस यांना १७६८ मध्ये हे गाव इनाम मिळाले. पुढे त्यांनी येथे सहा चौकांचा वाडा, नदीवर प्रशस्त घाट व देवालये उभारली. वाड्यात सापडलेले मेणवली दप्तर हे मराठ्यांच्या इतिहासाचे मोलाचे साधन होय.

या परिसराला चित्रीकरणाने नवे महत्त्व दिले. २००४ च्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटातील गाव येथेच साकारले गेले. जुनी वास्तू आजच्या कामी येऊ शकते, हे यावरून दिसते.

बंद वाडा लवकर खचतो. कौले सरकतात, भिंतींत पाणी मुरते, तुळयांना वाळवी लागते. वापर असला की देखरेख राहते आणि दुरुस्तीसाठी उत्पन्नही मिळते. मात्र वाडा म्हणजे मंगल कार्यालय नव्हे. माडीवर मर्यादेबाहेर गर्दी, भित्तिचित्रांलगत प्रखर दिवे, लाकडात ठोकलेले खिळे व चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा यांनी होणारी हानी भाड्याच्या रकमेतून भरून निघत नाही.

म्हणून गावोगावी असे वाडे कार्यक्रमांसाठी देताना मालक व ग्रामपंचायत यांनी माणसांची संख्या, विजेची जोडणी, नदीकाठची स्वच्छता आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवावयाचा उत्पन्नाचा हिस्सा या बाबी आधीच लेखी ठरवाव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना वास्तूचा इतिहास सांगावा. गावाला आपल्या वाड्याचे मोल कळले, तरच त्याचे जतन होईल.