सणाचे दिवस, घराचे दिवस

प्रस्तावना

मार्गशीर्ष सरत आला की थंडीचा जोर वाढतो. शेतात ज्वारीची कणसे भरू लागतात, हरभऱ्याला घाटे धरतात, गुऱ्हाळांवर काकवीचा गोड वास दरवळतो. नाताळच्या सुट्टीचा उत्साह ओसरतो न ओसरतो तोच मकर संक्रांत जवळ येते. सणाविषयी आपण पुष्कळ वाचतो; पण तो सण घरात उभा कसा राहतो, त्यासाठी कोण राबते, कोण पुढे येते आणि कोण मागे राहते, याचा विचार क्वचितच करतो. या पाठात एका तरुण कुटुंबाच्या संक्रांतीच्या दिवसांतून आपण तो विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्ही –
• संक्रांतीचा ऋतूशी आणि आहाराशी असलेला संबंध सांगू शकाल;
• सणामागील घरगुती श्रमांचे वर्णन करू शकाल;
• एखाद्या रूढीविषयी स्वतःचे मत कारणांसह मांडू शकाल.

१. ऋतू आणि सण

उत्तर गोलार्धात २१ किंवा २२ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस असतो. त्यानंतर दिवस हळूहळू मोठा होऊ लागतो. सूर्य मकर राशीत प्रवेश करतो तो दिवस मात्र आपल्या पंचांगाप्रमाणे १४ जानेवारीला, काही वर्षी १५ जानेवारीला येतो. पृथ्वीच्या आसाची दिशा अतिशय मंद गतीने बदलत असल्यामुळे हे अंतर पडले आहे. सुमारे ७२ वर्षांत ते एका दिवसाने वाढते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस जवळजवळ एकच होते.

याच सुमारास पंजाबात लोहडी, तमिळनाडूत पोंगल, आसामात माघ बिहू आणि गुजरातेत उत्तरायण साजरे होते. नावे निराळी, पण नव्या पिकाचा आनंद एकच. महाराष्ट्रात संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी असते. त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी आणि मुगाची खिचडी करतात. तिळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेल असते. थंडीत शरीराला लागणारी ऊर्जा त्यातून मिळते. काळा रंग उष्णता शोषून घेतो, म्हणून एरवी सणाला वर्ज्य मानलेला हा रंग संक्रांतीला मानाचा ठरतो.

पाठगत प्रश्न १
(अ) उत्तर गोलार्धातील सर्वांत लहान दिवस कोणता?
(आ) संक्रांतीला काळी वस्त्रे वापरण्यामागे कोणते कारण असावे?

२. एक घर, चार माणसे

आता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. पिंपरी-चिंचवडच्या एका वसाहतीत, दोन खोल्यांच्या घरात ते राहते. नवरा कारखान्यात काम करतो. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. बायको घरी शिवणकाम करते. त्यांचे बाळ नऊ महिन्यांचे आहे, आणि ही त्याची पहिलीच संक्रांत. थंडीच्या दिवसांपुरती नवऱ्याची आई कोल्हापूरकडच्या गावाहून आली आहे. येताना तिने गुळाची ढेप आणि पसाभर हावरी आणली आहे. तिकडे तिळाला हावरी म्हणतात.

इतरांना हा सुट्टीचा आणि सणाचा काळ. शिवणकाम करणाऱ्या सुनेला मात्र तो कामाच्या गर्दीचा. लहान मुलांची काळी झबली, परकर-पोलकी, साड्यांची खोळ-किनार यांनी घरातला कोपरा भरून जातो. रात्रपाळीहून आलेला नवरा सकाळी बाळाला घेऊन उन्हात बसतो, तेवढ्यात ती दोन झबली पुरी करते. बाळ झोपले की यंत्राचा आवाज नको, म्हणून ती हाताने काजे करते. दिवसाचे वेळापत्रक घड्याळ ठरवत नाही. बाळाची झोप ठरवते.

याच घाईत बाळाच्या बोरनहाणाची तयारी चालते. बोरनहाण म्हणजे संक्रांत ते रथसप्तमी या काळात लहान मुलाचा केला जाणारा कौतुकसोहळा. मुलाला काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालतात, त्याला ओवाळतात आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा यांचा हलका वर्षाव करतात. जमलेली मुले तो खाऊ वेचतात.

हलवा विकतही मिळतो. पण आजीने तो घरी करायचे ठरवले. मंद आचेवर परातीत तीळ आणि खसखस ठेवायची, थेंब थेंब पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचे. घाई केली तर पाकाचा गोळा होतो. थंडी चांगली असेल तर दाण्यांना काटा सुरेख येतो. म्हणून आजी पहाटे उठे. कोळशाची शेगडी ती सज्जातच पेटवी. बंद खोलीत कोळसा जळत राहिला तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नसतो की वास नसतो. चार पहाटा अशा गेल्या. आजीच्या बोटांची टोके लाल झाली, पण मुकुट, हार आणि कडी यांपुरता पांढराशुभ्र हलवा तयार झाला.

सुनेने उरलेल्या कापडाच्या लहान पिशव्या शिवल्या. हळदीकुंकवाला वाण म्हणून त्याच द्यायच्या, असे तिने ठरवले. विकतच्या वस्तूंचा खर्च वाचला आणि शेजारणींना बाजारात नेण्याजोगी वस्तू मिळाली.

पाठगत प्रश्न २
(अ) सुनेला संक्रांतीचा काळ कामाच्या गर्दीचा का वाटतो?
(आ) हलवा करताना घाई का चालत नाही?

३. उंबरठ्याच्या आतले माणूस

हळदीकुंकू आणि बोरनहाण एकाच संध्याकाळी ठरले. सुगडे मांडली गेली. त्यांत ऊस, बोरे, गाजर, हरभरा आणि गव्हाच्या ओंब्या भरल्या. शेजारणी जमल्या. हलव्याच्या दागिन्यांचे कौतुक होऊ लागले. ज्या हातांनी ते केले, ते हात मात्र आत स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. आजीचे यजमान सहा वर्षांपूर्वी वारले होते. विधवेने हळदीकुंकवात बसू नये, लेकराला पहिले ओवाळू नये, ही रीत तिने कोणी न सांगताच पाळली होती.

सून आत गेली. म्हणाली, “आई, बाळाला आधी तुम्ही ओवाळा.”

“मला पुढं करू नकोस, पोरी. बायका काय म्हणतील? आणि लेकराला काही झालं तर जन्मभर मीच मला दोष देईन.”

या दुसऱ्या वाक्यात रूढीचे खरे बळ आहे. लोकांची भीती एक वेळ झुगारता येते. पण आपल्यामुळे आपल्या माणसाचे वाईट होईल, ही मनात रुजलेली भीती सहज जात नाही.

सून थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तो जन्मला तेव्हा पहिली आंघोळ तुम्ही घातलीत. ताप आला तेव्हा रात्रभर तुमच्याच मांडीवर होता. तेव्हा काही वाईट झालं का?”

आजीने उत्तर दिले नाही. नवरा दारात उभा होता. त्याने बाळ आईच्या हातात दिले आणि पाट मांडायला घेतला. बाहेर एक वयस्कर शेजारीण म्हणाली, “आपल्यात अशी रीत नाही.” कोणी काही बोलले नाही. आजी बाहेर आली. तिने बाळाला ओवाळले, त्याच्या डोक्यावर ओंजळभर चुरमुरे अलगद सोडले. बाळ नऊ महिन्यांचे, म्हणून बोरे आणि उसाचे करवे थोरल्या मुलांच्या हातीच दिले. बी किंवा तुकडा घशात अडकण्याचा धोका कशाला? सुनेने कुंकवाची कुयरी पुढे केली, तेव्हा आजीने मान हलवली. “ते राहू दे. तिळगूळ दे, आणि पिशवी दे,” एवढेच ती म्हणाली. सुनेने आग्रह धरला नाही. वयस्कर शेजारीण वाण न घेताच निघून गेली.

४. रूढी आणि बदल

हा प्रश्न आजचा नाही. १८५२ च्या जानेवारीत पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या पुढाकाराने स्त्रियांचा तिळगूळ समारंभ योजला गेला. सर्व जातींच्या स्त्रिया एकाच जाजमावर बसतील, हे त्याचे वैशिष्ट्य होते. १८५६ मध्ये विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे यांसारख्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन केले.

कायदा वाट मोकळी करतो, ठराव धीर देतो. पण पाट मांडावा लागतो तो घरातच. तसेच, बदल म्हणजे एका सक्तीच्या जागी दुसरी सक्ती नव्हे. आजीने ओवाळले, पण कुंकू लावले नाही. दोन्ही निर्णय तिचे होते. तिला निवड करता आली, हे त्या संध्याकाळचे मोल आहे.

तुम्ही काय शिकलात?

• संक्रांतीचे खाद्यपदार्थ, वस्त्रे आणि विधी यांचा हिवाळ्याशी व नव्या पिकाशी संबंध आहे.
• सणाच्या आनंदामागे घरातील माणसांचे, विशेषतः स्त्रियांचे, श्रम असतात.
• ज्यांचे श्रम चालतात त्यांना सन्मानातून वगळणारी रूढी तपासून पाहिली पाहिजे.
• बदल करताना संबंधित व्यक्तीच्या इच्छेचा मान राखावा.

शब्दार्थ

सुगड – संक्रांतीला पूजेसाठी वापरतात ते लहान मातीचे मडके
वाण – हळदीकुंकवात सुवासिनींना दिली जाणारी भेटवस्तू
करवा – उसाचा लहान तुकडा
कुयरी – हळदकुंकू ठेवण्याचे कोयरीच्या आकाराचे पात्र

पाठान्त प्रश्न

१. ‘दिवसाचे वेळापत्रक घड्याळ ठरवत नाही, बाळाची झोप ठरवते’ या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. आजीच्या मनातील दोन प्रकारची भीती कोणती? त्यांपैकी कोणती अधिक बळकट आहे, असे तुम्हाला वाटते?
३. वाण न घेता निघून गेलेल्या शेजारणीशी सुनेने दुसऱ्या दिवशी कसे बोलावे? दोघींमधील संवाद आठ ते दहा वाक्यांत लिहा.
४. तुमच्या प्रदेशात याच सुमारास साजऱ्या होणाऱ्या सणाची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. त्या सणात कोण कोणते काम करते, हे लिहून काढा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) २१ किंवा २२ डिसेंबर. (आ) काळा रंग उष्णता शोषून घेतो.
२. (अ) या दिवसांत तिच्याकडे शिवणकामाची मागणी वाढते. (आ) घाई केल्यास पाकाचा गोळा होतो.