तेरची पांढर आणि इतिहासाचा अभ्यास

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करावा आणि पेपर झाला की विसरून जावा, अशी या विषयाची गत होऊन बसली आहे. इतिहासाचा पुरावा आपल्या पायाखालच्या मातीत असतो, हे वाक्य वर्गात पुष्कळदा कानावर येते. पण ते मनावर ठसायला प्रत्यक्ष ती माती पाहावी लागते. यंदा आपल्या महाविद्यालयात इतिहासाच्या अध्यापकांचे तीन दिवसांचे अधिवेशन भरले, तेव्हा ही संधी मिळाली. पहिले दोन दिवस निबंधवाचन आणि चर्चा झाली. तिसरा दिवस तेरच्या भेटीसाठी राखून ठेवला होता आणि स्वयंसेवक विद्यार्थिनी म्हणून मलाही पाहुण्यांबरोबर जाता आले. प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. वस्तुसंग्रहालयातली वस्तू आणि ती जिथे सापडली ती जागा यांचे नाते काय, याविषयी त्या दिवशी जे ध्यानात आले, ते माझ्या मित्रमैत्रिणींपुढे मांडावे, एवढाच उद्देश आहे.

तगर आणि तेर

तेर हे धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे गाव. आज ते ओळखले जाते गोरोबाकाकांचे तेर म्हणून. परंतु सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचे नाव दूरच्या ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तगरहून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जात असे, असे हा ग्रंथ सांगतो. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचे नाव येते. पुढे कोकणचे आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. म्हणजे व्यापार ओसरल्यानंतर कित्येक शतकांनीही या नावाचा मान टिकून होता.

हे तगर नेमके कोणते, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. कोणी देवगिरी म्हटले, कोणी जुन्नर, कोणी धारूर. अखेर 1901 साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, हे साधार दाखवून दिले.

या दहा दिवसांच्या हिशेबाविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते. माझे आजोबा कधी शाळेत गेले नाहीत. परंतु तरुणपणी बैलगाडीत भुसार माल घालून ते लातूरच्या अडतीला नेत असत. अधिवेशनाच्या आदल्या आठवड्यात मी पेरिप्लसविषयी वाचत होते, तेव्हा त्यांना सहज विचारले, “आबा, भरलेली गाडी दिवसाला किती चालते?” ते म्हणाले, “वाट बरी असली तर पाच कोस. लई झालं तर सहा. त्याच्यापुढं बैल धरत नाही.” पैठण ते तेर हे अंतर सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर भरते. कोस तीन किलोमीटरचा धरला तर पन्नास कोस झाले. वाटेची वळणे धरून दिवसाला पाच-सहा कोस, म्हणजे बरोबर दहा दिवसांची मजल! दिशा मात्र ठीक पूर्वेची नसून आग्नेयेची आहे, हे नकाशा पाहिला की कळते. ग्रीक व्यापाऱ्याचे लेखन आणि माझ्या आजोबांचा अनुभव यांचा असा मेळ बसलेला पाहून मला जो आनंद झाला, तो कोणत्याही गुणपत्रिकेने दिलेला नाही.

संग्रहालयातील वस्तू

तेरचे वस्तुसंग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने आहे. लामतुरे हे तेरचेच रहिवासी, व्यवसायाने व्यापारी. गावात आणि गावाभोवती सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जिवापाड जपून जमवल्या आणि त्यांच्याच संग्रहातून हे शासकीय संग्रहालय उभे राहिले. पुरातत्त्वाची पदवी नसलेला एक गावकरी केवढे काम करू शकतो, याचा हा नमुना होय.

येथे सातवाहनांची नाणी आहेत, शंखाच्या बांगड्या आहेत, नाना रंगांचे मणी आहेत. पांढऱ्या केओलीन मातीच्या बाहुल्या आहेत. पुढचा आणि मागचा असे दोन साचे जोडून त्या आतून पोकळ बनवलेल्या आहेत. रोमन नाण्यांच्या नकला मातीत करून गळ्यात बांधण्याजोगी पदकेही केलेली आहेत. खरे सोन्याचे नाणे ज्याला परवडत नव्हते, त्याने मातीचे वापरले असावे, असे एक प्राध्यापक म्हणाले. ही पदके पाहून मला आमच्या गावच्या जत्रेत मिळणाऱ्या पिवळ्या पितळी पुतळ्यांच्या माळेची आठवण झाली.

या संग्रहातील सर्वांत नावाजलेली वस्तू म्हणजे एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती. अशाच घडणीची एक मूर्ती 1938 साली इटलीतील पॉम्पेई येथे सापडली आणि ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिसरी आपल्या जालना जिल्ह्यातील भोकरदनला मिळाली. आता विचार करण्याजोगा मुद्दा असा. तेरच्या मूर्तीवर काळ कोरलेला नाही. ती कोणत्या थरात होती, हेही ती स्वतः सांगत नाही. परंतु पॉम्पेई हे नगर इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. त्या राखेखाली जे मिळाले, ते 79 च्या आधीचेच असणार. त्यात शंकेला जागा नाही. म्हणजे पॉम्पेईच्या बहिणीला जागा आणि काळ आहे म्हणून तेरच्या बहिणीचा काळ आपल्याला अंदाजता येतो. वस्तू कितीही सुंदर असली तरी ती कोठे, किती खोल आणि कशाकशाबरोबर सापडली हे ठाऊक नसेल, तर तिची अर्धी वाचा गेलेली असते.

हीच अडचण दूर करण्यासाठी उत्खनन करावे लागते. 1958 साली बा. ना. चापेकर यांनी तेरला उत्खनन केले आणि पुढेही तेथे उत्खनने झाली. उत्खननात मातीचे थर एकावर एक कसे बसले आहेत हे पाहून प्रत्येक वस्तूची नोंद तिच्या थरासह होते. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, असा हा साधा नियम. एखाद्या थरात सातवाहन नाणी मिळाली की त्याच थरातल्या खापरांचा काळ कळतो. आणि तशी खापरे दुसरीकडे मिळाली की तेथील काळही कळू लागतो. लामतुरे यांनी वस्तू वाचवल्या, उत्खननाने त्यांना काळ दिला. या दोन्ही कामांची सांगड घातली तरच तेरचा इतिहास उभा राहतो.

पांढर म्हणजे काय?

दुपारी आम्ही गावाभोवतालच्या टेकाडांकडे गेलो. तेथील माती राखट पांढरी आहे आणि पावसाने जिथे ती कापली गेली आहे, तिथे खापरांचे तुकडे डोकावताना दिसतात. शहराकडून आलेल्या एका अध्यापकांनी विचारले की ही माती आजूबाजूच्या काळ्या रानापेक्षा इतकी वेगळी कशी? याचे उत्तर आम्हा खेड्यातल्या मुलांना घरीच मिळालेले असते. आपल्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी म्हणतात. माणसे जिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथे मातीच्या भिंती पडतात, चुलींची राख साठते, चुना, शेण, केरकचरा मिसळतो आणि काळाच्या ओघात त्या सगळ्याची पांढरी माती होते. पांढर म्हणजे माणसांच्या वस्तीची माती.

आमच्या भागातली जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळयांवर फळ्या, त्यावर चिपाडे आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिचे माळवद गळते. पांढरी माती तशी भेगाळत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात मृग निघण्याच्या आत माझी आजी माळवदावर नवी पांढरी माती टाकून घेत असे. ती माती येई गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावरून. शेतालाही ही माती खतासारखी मानवते, त्यामुळे गाड्याच्या गाड्या भरून ती रानात जाई. ही रीत शेकडो वर्षांची आहे आणि तिच्यात कोणाचा अपराध नाही. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर त्या मातीने गळू दिले नाही.

परंतु आता काळ बदलला आहे. टोपले आणि बैलगाडी यांनी शंभर वर्षांत जेवढे टेकाड कमी झाले, तेवढे आज यंत्राने दोन दिवसांत भुईसपाट होते. टोपल्याने माती भरणाऱ्या बाईच्या हाताला मणी लागे, बांगडीचा तुकडा लागे. ती तो लेकराला खेळायला देई. लामतुरे यांच्यासारखा जाणता माणूस तो पाहू शके. यंत्राच्या दातांना मणी लागत नाही. थरावर थर उलटे होतात आणि मग कोणत्याही विद्वानाला ते परत लावता येत नाहीत. फाटलेले पान चिकटवता येते. विस्कटलेला थर पुन्हा लागत नाही.

त्रिविक्रम आणि गोरोबाकाका

तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. मागची बाजू अर्धगोल आणि वर गजपृष्ठासारखे छप्पर. अशी रचना आपण कार्ले-भाजे येथील कोरीव चैत्यगृहांत पाहतो. बांधीव स्वरूपात ती फार थोड्या ठिकाणी उरली आहे. आंध्रातील चेझर्ला येथील कपोतेश्वर मंदिर हे तिचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण. तेरची वास्तू मुळात बौद्ध चैत्य होती, असे अनेक अभ्यासक मानतात, तर काहींना ते मान्य नाही. या प्रश्नावर देवळाच्या ओसरीतच दोन अध्यापकांचा चांगलाच वाद रंगला. तो चालू असतानाच एक म्हातारबाबा आले, त्यांनी आतल्या त्रिविक्रमाला हात जोडले आणि शांतपणे निघून गेले. देऊळ त्यांच्यासाठी चालू वर्तमानकाळ होता. वारसास्थळ पाहताना हेही पाहिले पाहिजे, असे मला वाटते. जी वास्तू लोकांच्या वापरात राहिली, तीच बहुधा उभी राहिली.

तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांची समाधी आहे. गोरोबा जातीने आणि धंद्याने कुंभार. कुंभार आतून दगडी गोटा धरतो आणि बाहेरून थापटण्याने मडके थापतो. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबांनी याच थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. इतिहासाच्या दृष्टीने मला विशेष वाटले ते असे की, संग्रहालयात दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे आणि त्याच गावात तेराव्या-चौदाव्या शतकातला कुंभार संत. राजे बदलले, व्यापार आला आणि गेला, पण तेरणेची माती चाकावर चढत राहिली. पाठ्यपुस्तकात राजवंशांची वंशावळ असते. या हातांची वंशावळ खापरांत असते.

वस्तू कोठे असाव्यात?

परतीच्या वाटेवर एस.टी.त एक प्रश्न निघाला. इतक्या मोलाच्या वस्तू खेड्यात ठेवण्यापेक्षा मोठ्या शहरातील संग्रहालयात हलवाव्यात, तिथे त्या सुरक्षित राहतील आणि अधिक लोक पाहतील, असे एका ज्येष्ठ प्राध्यापकांचे म्हणणे होते. त्यात तथ्य नाही असे नाही. हस्तिदंताला दमटपणा आणि ऊन दोन्ही बाधतात. त्याची निगा राखणे खर्चाचे आणि जाणकारीचे काम आहे. दुसऱ्या बाईंचे म्हणणे असे की, वस्तू गेली की गावाचे तिच्याशी नाते तुटते आणि मग टेकाड राखायला कोणी उरत नाही.

मी स्वयंसेवक; मोठ्यांच्या चर्चेत बोलले नाही. पण माझे मत येथे नोंदवते. वस्तू तेरलाच असावी आणि तिच्या रक्षणाची सोय तेरलाच व्हावी. मुंबईच्या काचेत ती मूर्ती कलाकृती म्हणून दिसेल. तेरच्या काचेत ती पाहून बाहेर पडणारा शाळकरी पोरगा पांढरीवर पाय ठेवताना खाली पाहील. आज गरज आहे ती या खाली पाहणाऱ्या डोळ्यांची.

आपण काय करू शकतो?

आपल्या महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी खेड्यांतून येतात. माझ्यासारखे पुष्कळजण असे आहेत, ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच. आपल्याला इतिहास परका वाटतो, कारण त्यात आपली माणसे दिसत नाहीत. पण प्रत्येकाच्या गावाला पांढर आहे, पडका बुरूज आहे, एखादा वीरगळ पारावर उभा आहे. म्हणून माझी सूचना अशी की, इतिहास विभागाने एक वही ठेवावी आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावचे एक पान तिच्यात लिहावे. पांढर कोठे आहे, ती किती उरली आहे, तिच्यावर काय दिसते आणि गावातली वडीलधारी माणसे तिच्याविषयी काय सांगतात, एवढे चार मुद्दे पुरेत. वस्तू उचलून आणायची नाही. जागेसह तिची नोंद करायची. काही मोलाचे दिसलेच तर शासनाच्या पुरातत्त्व विभागाला कळवायचे. गावठेव्याविषयी जिल्हाधिकाऱ्यांना वर्दी देण्याचा कायदा तर 1878 पासून आहे.

माझ्या गावचे पान मी लिहिले आहे. आजीने सांगितले, मी लिहून घेतले. टेकाड तिच्या लहानपणी चिंचेच्या निम्म्यापर्यंत होते. आज ते माझ्या कमरेइतके आहे. विभागाने वही काढली की ते पहिले पान म्हणून लावावे, ही विनंती.