लेखणी, घड्याळ आणि अँथनी ट्रॉलप

निबंधाची वही पुढें ओढून “कांहीं सुचत नाहीं” असें म्हणणारा मुलगा प्रत्येक वर्गांत एखादा तरी असतोच. आणि त्याचें म्हणणें अगदींच खोटें असतें असेंही नाहीं. लेखन म्हणजे स्फूर्तीची कृपा, ती होईल तेव्हां हात आपोआप चालेल, तोंवर स्वस्थ बसावें, ही समजूत थोरामोठ्यांतही आढळते. या समजुतीची परीक्षा पाहावयाची असेल तर इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप (१८१५–१८८२) याचें चरित्र अवश्य पाहावें. त्याच्या नांवावर ४७ कादंबऱ्या आहेत; प्रवासवर्णनें, चरित्रें व लघुकथा यांशिवाय वेगळ्या. यांतील बराचसा भाग त्यानें टपालखात्याची नोकरी सांभाळून लिहिला.

त्याचें बालपण पाहिलें तर हा मनुष्य पुढें नियमितपणाचा नमुना होईल असें कोणासही वाटलें नसतें. बाप वकील होता, विद्वान होता, पण स्वभावानें तापट. त्याची वकिली बुडाली, मग शेती केली तीही बुडाली. हॅरो येथील श्रीमंतांच्या शाळेंत हा मुलगा चिखलाच्या वाटेनें पायीं जाई. त्याचे मळके कपडे पाहून सोबती त्याला जवळ करीत नसत. विंचेस्टरच्या शाळेंत तर त्याच्या बापाकडून शाळेचें देणें थकलें, आणि ती गोष्ट इतर मुलांनाही कळली. खेळांत कोणी घेईना, तेव्हां त्यानें एकट्यानें खेळावयाचा एक खेळ काढला : मनांतल्या मनांत गोष्ट रचावयाची. एकच गोष्ट आठवडेच्या आठवडे, कधीं महिनेच्या महिने चाले. तिचा नायक अर्थातच तो स्वतः. परंतु येथें एक विलक्षण नियम त्यानें आपल्यावर घालून घेतला होता. जें घडणें शक्य नाहीं तें गोष्टींत आणावयाचें नाहीं. नायकाला राजा करावयाचें नाहीं, सरदार करावयाचें नाहीं, अंगच्या उंचीपेक्षां उंचही करावयाचें नाहीं! ही संवय मनाला घातक असावी असें त्यानें पुढें आत्मचरित्रांत कबूल केलें. पण ती नसती तर आपल्या हातून एक तरी कादंबरी झाली असती कीं नाहीं याची शंका आहे, असेंही त्यानें लिहून ठेवलें. (गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्यांनीं याचा आधार घेऊं नये. ट्रॉलपचें गणितही शाळेंत कच्चेंच राहिलें होतें.)

नियमितपणाचा धडा त्याला घरींच मिळाला, आणि तो आईकडून. फ्रान्सेस ट्रॉलप ही बाई संसार सांवरण्याच्या खटपटींत अमेरिकेला गेली. तेथील व्यापारांत पैसा घालवून परत आली. अमेरिकन लोकांच्या चालीरीतींवरील तिचें पहिलें पुस्तक १८३२ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां तिचें वय ५३ वर्षांचें होतें. दोन वर्षांनीं कर्जापायीं सर्व कुटुंबाला बेल्जममधील ब्रूज शहरीं पळून जावें लागलें. तेथें एक मुलगा क्षयानें अंथरुणाला खिळलेला, नवराही मरणपंथास लागलेला. आणि ही बाई एका खोलींत रोग्यांची शुश्रूषा करी व दुसरींत बसून कादंबरी लिही. औषधाच्या बाटल्या आणि शाईची दौत घरांत शेजारीं शेजारीं असत. त्या पुस्तकांच्या पैशांवर घर चालत असे. पहांटे चार वाजतां ती लिहावयास बसे, आणि घर जागें होण्यापूर्वीं तिचें त्या दिवसाचें काम संपलेलें असे.

मुलानें मात्र हा कित्ता लगेच गिरविला नाहीं. १८३४ सालीं तो लंडनच्या मुख्य टपालकचेरींत वर्षाला ९० पौंडांवर कारकून झाला, आणि सात वर्षें त्यानें वाईट कारकून म्हणूनच काढलीं. कचेरींत उशिरां यावें, वरिष्ठांशीं खटके उडवावे, सावकाराचें देणें करावें असा त्याचा क्रम होता. आपण कादंबरी लिहिणार असें तो मनाशीं म्हणे, पण लिहीत नसे. १८४१ सालीं आयर्लंडांत एक जागा मोकळी झाली, तेव्हां त्यानें आपण होऊन ती मागितली. नव्या वरिष्ठाकडे त्याच्याविषयीं वाईट अभिप्राय आधींच जाऊन पोंचला होता. पण तुझें काम पाहून मी तुला पारखीन, असें त्या गृहस्थानें त्याला सांगितलें. घोड्यावर बसून खेड्यापाड्यांतील टपाल तपासावयाचें हें काम होतें. वर्षभरांत ट्रॉलप खात्यांतला एक भरंवशाचा मनुष्य झाला. लेखनाच्या शिस्तीआधीं ही कामाची शिस्त आली, हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. पुष्कळ लेखकांचीं चरित्रें वाचतांना या भागाकडे आपलें दुर्लक्ष होतें.

आयर्लंडांतच त्यानें पहिली कादंबरी लिहिली. ती १८४७ सालीं निघाली आणि कोणी वाचली नाहीं. दुसरी पुढच्या वर्षीं निघाली; तिच्या ३७५ प्रती छापल्या, त्यांतील १४० खपल्या. तिसरी १८५० सालीं. तिचीही तीच गत. स्फूर्तीवर विसंबणारा मनुष्य येथेंच थांबला असता. ट्रॉलपनें निराशेचा गाजावाजा न करतां लिहिणें चालू ठेवलें. पुढें इंग्लंडच्या पश्चिम भागांत टपालाची पाहणी करतां करतां एका संध्याकाळीं सॉल्झबरीच्या प्रार्थनामंदिराच्या परिसरांत त्याला ‘द वॉर्डन’ या कादंबरीची कल्पना सुचली. म्हणजे स्फूर्ती त्यालाही होतीच. मात्र ती आली तेव्हां तो दौऱ्याच्या कामावर होता, आणि त्या कल्पनेचें पुस्तक होण्यास पुढें कांहीं वर्षें लागलीं. ‘द वॉर्डन’ १८५५ सालीं निघाली. पहिल्या हिशेबांत तिचे नऊ पौंड व वर कांहीं शिलिंग मिळाले. पुढची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ (१८५७) त्यानें बरीचशी आगगाडीच्या डब्यांत, गुडघ्यावर पाटी घेऊन पेन्सिलीनें लिहिली. घरीं त्याची पत्नी रोझ ती शाईनें उतरून काढी.

त्याची दिनचर्या पुढें जी ठरली ती आतां सांगतों. पहांटे साडेपांचला तो मेजाशीं बसे. त्याला उठवून कॉफी देण्यासाठीं घरच्या म्हाताऱ्या मोतद्दाराला तो वर्षाचे पांच पौंड जास्त देई. आपल्या यशाबद्दल आपण इतर कोणापेक्षांही बहुधा याच माणसाचे अधिक ऋणी आहों, असें त्यानें लिहिलें आहे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीं लिहिलेलें वाचण्यांत जाई, आणि तें तो वाक्यांचा नाद कानांनीं पारखीत वाची. मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द. पुस्तक हातीं घेतलें कीं तो एक रोजनिशी आंखी व रोजचीं पानें तींत मांडी. आठवड्याला सरासरी ४० पानें, कमींत कमी २०, एकदां ११२. आणि प्रत्येक पान मोजून २५० शब्दांचें. आळसाचा दिवसही रोजनिशींत तसाच नोंदलेला असे, आणि कोरी जागा त्याच्या डोळ्यांना टोंचत असे. साडेआठला लेखन आटोपून तो न्याहारी करी व कचेरीच्या कामाला लागे.

१८५८ सालीं खात्यानें त्याला इजिप्तला धाडलें. सुवेझचा कालवा तेव्हां झाला नव्हता. हिंदुस्थानची व ऑस्ट्रेलियाची डाक इजिप्तमधून आगगाडीनें नेण्याचा करार त्याला करावयाचा होता. आपल्या पूर्वजांच्या काळीं मुंबईच्या धक्क्यावर उतरणाऱ्या विलायती डाकेशीं या कादंबरीकाराचा असा संबंध आहे. वाटेंत समुद्र खवळला होता. तो लिहितां लिहितां उठून ओकारीसाठीं धांवे आणि परत येऊन पुढचें वाक्य लिही. ‘डॉक्टर थॉर्न’ त्यानें इजिप्तमध्यें पुरी केली आणि दुसऱ्याच दिवशीं नवीन कादंबरी सुरू केली.

त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, तेव्हां रसिक मंडळी नाराज झाली. जोडे शिवणाऱ्याशीं लेखकाची तुलना करणारा, पुस्तकागणिक मिळकतीचे आंकडे देणारा हा कसला कलावंत, असें म्हटलें गेलें, आणि त्याची कीर्ति बरीच उतरली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इंग्लंडमधील वाचक पुन्हा त्याच्याकडे वळले. आक्षेपांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. त्याच्या कांहीं कादंबऱ्या सुमार आहेत. घड्याळानें त्याही वेळेवर पुऱ्या करून घेतल्या. पण त्या टीकाकारांनीं अर्धेंच पाहिलें. मेजावरचे तीन तास दिसत होते. बाकीचा दिवस दिसत नव्हता. घोड्यावर, रानांतल्या वाटेवर तो आपल्या पात्रांच्या संगतींत असे, त्यांच्या दुःखानें रडे, त्यांच्या वेडेपणाला हंसे. शाळेंतील एकट्या मुलाचा तो जुना खेळ जन्मभर चालू होता; घड्याळ त्याला रोज कागदावर उतरावयास लावी एवढेंच.

याचें एक प्रमाण त्यानेंच दिलें आहे. त्याच्या बार्चेस्टरच्या गोष्टींत मिसेस प्राउडी नांवाची बिशपची दरारेखोर बायको आहे. एके दिवशीं क्लबांत बसून तो लिहीत असतां दोन पाद्री तींच तींच पात्रें पुन्हा आणण्याच्या त्याच्या खोडीवर बोलत होते. प्राउडीबाईंना तर ते अगदीं कंटाळले होते. ट्रॉलप उठला, तो लेखक मीच असें म्हणाला, आणि आठवडा संपण्याच्या आंत तिला मारून टाकण्याचें वचन देऊन घरीं गेला. १८६७ सालच्या कादंबरींत ती मेली. पण नंतर त्याला त्याचा पश्चात्ताप झाला, आणि तिचें भूत आपली सोबत सोडीत नाहीं असें तो सांगे. नुसत्या शब्द मोजणाऱ्याला असें भूत भेटत नाहीं.

१८६७ सालींच त्यानें टपालखातें सोडलें, पण पहांटेचें मेज सोडलें नाहीं. अखेरच्या वर्षांत हात चालेनासा झाला, तेव्हां त्याच्या पत्नीची भाची फ्लोरेन्स ब्लँड त्याच्या तोंडून ऐकून लिहून घेई. १८८२ सालीं प्रकृति खालावली असतांही एका कादंबरीसाठीं माहिती गोळा करण्यास तो दोनदां आयर्लंडला गेला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत त्याला झटका आला, आणि ६ डिसेंबरला तो वारला. ती कादंबरी, ‘द लँडलीगर्स’, पुढच्या वर्षीं अपुरीच छापून निघाली.